आमच्या वॉर्डातलं मतदार नोंदणी शिबिर, पाचपैकी चार स्टार

सासूबाईंनी स्वतःचं नाव यादीत शोधलं, सापडलंही, आणि त्या चौकटीवर तिरका शिक्का होता, नाव वगळल्याचा. बाजूला बारीकसं ई. टेबलामागची कॉलेजातली मुलगी जरा चाचरली, मग हळूच म्हणाली, "आजी, ई म्हणजे... मयत." सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला, परत बघितलं आणि मला म्हणाल्या, "अगं, मग आज सकाळी पाणी कुणी भरलं?"

तर हा रिव्ह्यू त्या शिबिराचा. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे-जूनमध्ये, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तीन रविवार झालं, आणि आता पालिकेचं मतदान होऊन गेल्यावर निवांत लिहितेय कारण तेव्हा लिहिलं असतं तर नुसती वाहवा केली असती, काम झालं की नाही ते कळायला जानेवारी उजाडावा लागला. आधीच सांगते, शिबिर घेणारे कुठल्या पक्षाचे नव्हते, बॅनर नव्हता, कुणाचा हसरा फोटो नव्हता. सात-आठ माणसं. एक रिटायर्ड मुख्याध्यापक ज्यांना सगळे सर म्हणतात, एक बँकेतल्या मॅडम, दोन कॉलेजच्या मुली, बाकी अशीच आजूबाजूची. सर्व्हिस फुकट, आणि नोंदणी तशीही फुकटच असते, हे मुद्दाम लिहितेय कारण त्याचे पैसे मोजून आम्ही काय मिळवलं ते खाली येतंच आहे.

मी गेले होते माझ्या कामाला. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी माझं नाव माहेरच्या यादीत. निवडणूक आली की कधी माहेरी जायचे, कधी मुलाची परीक्षा, कधी रजा नाही, मग राहून जायचं. सासूबाई आपल्या सोबत म्हणून आल्या होत्या, त्यांना काहीच काम नव्हतं. त्यांच्याकडे कार्ड आहे, लॅमिनेट केलेलं, पर्समध्ये देवाच्या फोटोशेजारी. दारातच सरांनी विचारलं, "कार्ड आहे ते ठीक, नाव बघितलंत का?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो.

सरांचं म्हणणं असं की १९९३ ला मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या काळात मतदार ओळखपत्र आलं तेव्हापासून लोकांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलीय, कार्ड आहे म्हणजे मत आहे. तसं नाहीये. कार्ड फक्त तुम्ही कोण ते सांगतं. मत यादीवर असतं. कार्ड हरवलं तर आधार, पॅन, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, फोटोवालं बँक पासबुक असलं काहीही दाखवून मत देता येतं, पण यादीत नाव नसेल तर सोन्याच्या फ्रेममध्ये कार्ड घेऊन गेलात तरी परत पाठवतात. इतकी साधी गोष्ट मला पस्तिसाव्या वर्षी कळली.

आता खरं सांगायचं तर फॉर्म भरून देणारी शिबिरं ढिगाने होतात. गणपतीत होतात, कॉलेजात २५ जानेवारीला मतदार दिवस म्हणून होतात, निवडणूक जवळ आली की प्रत्येक इच्छुक उमेदवार एक टेबल मांडतो. या लोकांनी जे वेगळं केलं ते म्हणजे यादीवाचन. गावाकडे सातबाराचं चावडीवाचन असतं ना, मोठ्याने वाचायचं आणि ज्याला चूक वाटेल त्याने तिथल्या तिथे बोलायचं, अगदी तसं. गावात मतदार यादी ग्रामसभेत वाचतातही. शहरात कुठली चावडी आणि कुठली ग्रामसभा. म्हणून यांनी काय केलं, निवडणूक कार्यालयातून आमच्या भागाच्या यादीची ताजी प्रत मिळवली, तिच्या झेरॉक्स काढल्या, पानं सुटी केली आणि प्रत्येक बिल्डिंगमधून एक असं माणूस पकडून आणलं ज्याला सगळ्यांची खबर असते. आमच्या बिल्डिंगमधून अर्थातच तळमजल्यावरच्या काकू. त्यांना खबर विचारायचीसुद्धा गरज नसते, आपोआप मिळते.

यादीचं पान बघितलंय का कधी नीट? एका पानावर तीस चौकटी, तीन उभ्या ओळीत दहा-दहा. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्राचा नंबर, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. आमच्या भागात अकराशेच्या आसपास नावं, म्हणजे सदतीस-अडतीस पानं आणि वर पुरवणी, नंतर वाढलेल्या आणि वगळलेल्या नावांची. मी हुशारी दाखवायला म्हटलं, अहो पीडीएफ असेल ना, कॉम्प्युटरवर सर्च मारा, दोन मिनिटांत होईल. बँकेतल्या मॅडम हसल्या. नेटवर मिळते ती यादी म्हणजे पानांची चित्रं असतात, त्यात नाव टाईप करून शोधता येत नाही. यावर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली होती, शोधता येईल अशी यादी द्या म्हणून, ती मागणी मान्य झाली नाही. एकेकट्याचं नाव निवडणूक आयोगाच्या साईटवर शोधता येतं, ओळखपत्राच्या नंबरवरून, मोबाईलवरून किंवा नाव-गाव भरून, ते चांगलंच आहे. पण अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोण राहिलं आणि कोण जास्तीचं आहे हे बघायचं असेल तर डोळे आणि पेन्सिल, दुसरा इलाज नाही.

मग सुरू झालं वाचन. एकजण नाव वाचणार, काकू सांगणार. "हे आहेत. हे गेले, करोनात. हे मुलीकडे राहायला गेले, फ्लॅट भाड्याने दिलाय. ही लग्न होऊन गेली. हे कोण? या नावाचं आपल्याकडे कधीच कुणी नव्हतं, थांबा, ते बी विंगमधले तर नाहीत?" पेन्सिलीने बरोबर, फुली, प्रश्नचिन्ह. घर क्रमांकाच्या जागी काही चौकटीत नुसता शून्य, मग तो माणूस कुठल्या बिल्डिंगचा हे नावावरून ओळखायचं. एका जोशींच्या चौकटीत वडिलांचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकच आलेलं, त्यावर हॉल पाच मिनिटं हसत होता. आणि वयं! यादीत वय छापलेलं असतं हे बऱ्याच जणींना माहीत नव्हतं, पहिल्या पाच मिनिटांतच एका काकूंनी हरकत घेतली की वय मोठ्याने वाचायचं नाही. ते लगेच मान्य झालं. ओळखपत्राचे नंबरही मोठ्याने वाचत नव्हते, आणि काम झालं की पानं परत जमा, कुणी मोबाईलवर फोटो काढायला लागलं की बँकेतल्या मॅडम डोळे वटारायच्या. हे मला आवडलं.

त्या पुरवणीतली अक्षरंही त्यांनीच समजावली. ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार. आत्ता निदान शिक्का मारलेली चौकट तरी दिसते, पुढची नवी यादी छापली की ती चौकटही जाते, नंबर नव्याने पडतात आणि आपण कधी त्या यादीत होतो याचा मागमूस राहत नाही. सासूबाई वेळेत आल्या म्हणायच्या.

आता त्या मयत कशा झाल्या ते. सासरे २०२२ ला गेले. २०२४ च्या विधानसभेला घरी मतदानाच्या चिठ्ठ्या आल्या त्यात त्यांच्याही नावाची आली आणि सासूबाईंना ते फार लागलं, चिठ्ठी फाडताही येईना आणि ठेवताही येईना. म्हणून आम्ही ठरवलं नाव कमी करून टाकू. यांना ऑफिस, मला ऑफिस, मग एका नेटकॅफेत दोघांची कार्डं आणि मृत्यूचा दाखला देऊन टाकला, त्याने पैसे घेतले, म्हणाला होऊन जाईल. त्याने सात नंबरचा फॉर्म भरला. त्यात दोन नावं लागतात, अर्ज करणाऱ्याचं आणि ज्याचं नाव काढायचं त्याचं. भल्या माणसाने दोन्ही कार्डं उलटी टाकली असणार. म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, गेल्यानंतर दोन वर्षांनी, अर्ज केला की माझी बायको वारली. आम्ही पावती बघितली नाही, रेफरन्स नंबर मागितला नाही, चूक आमचीही आहेच. मधे कुणीतरी घरी येऊन खात्री करायला हवी होती, कोण आलं होतं की नाही, आम्ही दोघं दिवसभर बाहेर, सासूबाई दुपारी देवळात, काही सांगता येत नाही.

सरांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत, त्यांनी वही काढली. म्हणाले पत्ता बदलला म्हणून किंवा अपात्र आहे म्हणून एखाद्याचं नाव काढायचं असेल तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे, कलम २२. पण मयत म्हणून काढायचं असेल तर त्या कलमात सुनावणीची ती अट नाही, कारण ऐकणार कुणाचं? कायदा करणाऱ्यांनी बरोबरच विचार केला होता, फक्त त्यांच्या डोळ्यासमोर आमचा नेटकॅफेवाला नव्हता. आणि हेही म्हणाले की या फॉर्मवर खोटी माहिती दिली तर कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे दुसऱ्याच्या हातात देताना जपून. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता ह्यांना अटक करणार का?"

उपाय काय, तर सहा नंबर. नाव पूर्ण गेलंय म्हणून परत नव्याने नोंदणी. सहा नंबरचा फॉर्म म्हणजे नवमतदाराचा, कॉलेजची पोरं भरतात तो. ७४ व्या वर्षी आमच्या सासूबाई नवमतदार. शेजारच्या खुर्चीवर अठरा वर्षांचा एक मुलगा तोच फॉर्म भरत होता, त्याने त्यांना ओटीपी कुठे टाकायचा ते दाखवलं. दुसरीकडे सासऱ्यांसाठी नवीन सात नंबर, यावेळी नवऱ्याने स्वतः भरला आणि तीनदा वाचला. माझ्यासाठी आठ नंबर. पत्ता बदल, नाव दुरुस्ती, हरवलेलं कार्ड, सगळं आता आठ नंबरमध्येच आहे, मतदारसंघ बदलला तरी आठच. पूर्वी यासाठी वेगवेगळे फॉर्म होते म्हणे, २०२२ पासून हे सुटसुटीत झालं.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण बायकांसाठी महत्त्वाची आहे. लग्न होऊन आलेली मुलगी सासरी काय करते, तर सहा नंबर भरते, नवीन म्हणून. माहेरचं नाव तसंच राहतं. आईवडिलांना वाटतं राहू दे, लेकीचं नाव आहे. झाली ती दुबार मतदार. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असायला हवं, आणि सहा नंबरवर सही करताना आपण लिहून देतो की दुसरीकडे नाव नाही. म्हणजे बिचारीने नकळत खोटं लिहून दिलं. सगळीकडे दुबार मतदार म्हणून जो गोंधळ चालतो तो ऐकला की वाटतं मोठी टोळी असणार, काही ठिकाणी असेलही, मला माहिती नाही, पण आमच्या पानांवर पेन्सिलीने खुणा केलेल्या नावांत निम्म्याहून जास्त लेकी-सुना होत्या. माझी जाऊबाई त्यातलीच. सरांनी तिला सांगितलं की माहेरच्या यादीतून स्वतःचं नाव काढायला सात नंबर भर, स्वतःसाठीही भरता येतो. ती म्हणाली बघू नंतर. नोव्हेंबरात प्रभागाच्या याद्या आल्या तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने संशयित दुबार नावांपुढे डबल स्टार लावले होते आणि जाऊबाईंच्या नावापुढे दोन चांदण्या. मग कुठल्या केंद्रावर मत देणार ते लिहून द्या वगैरे सोपस्कार. आता घरात तिला सगळे टू स्टार म्हणतात.

सर्व्हिसच्या पद्धतीबद्दल. हे लोक तुमचे फॉर्म गोळा करत नाहीत. मला आधी तो आळस वाटला, इतके लोक आलेत तर घ्या ना गठ्ठा आणि नेऊन द्या एकदाच. पण गठ्ठ्याने आलेले अर्ज आयोगाच्या नियमात स्वीकारतच नाहीत, घरातल्या माणसांचे एकत्र दिले तर चालतात, पण संस्थेने शंभर अर्ज नेऊन टाकले तर नाही. आणि नियम बरोबर आहे, नाहीतर कुणीही कुणाच्याही नावाचा गठ्ठा नेऊन टाकेल. म्हणून ते प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या ओटीपीने, शेजारी बसून फॉर्म भरून घेतात. बोट तुमचंच चालायला हवं, ते फक्त सांगतात. नाव इंग्रजीत टाकलं की मराठी रकान्यात आपोआप उमटतं, ते आधी वाचायचं, मग पुढे जायचं. मी न वाचता पुढे गेले आणि माझ्या सासरच्या आडनावाचं भलतंच काहीतरी झालं होतं, त्या कॉलेजच्या मुलीने मागे आणून दुरुस्त करून घेतलं. शेवटी रेफरन्स नंबर येतो तो त्यांच्या वहीत नाही, तुमच्या हातात, कागदावर लिहायला लावतात आणि स्क्रीनशॉटही काढायला लावतात. सासूबाईंनी तो कागद पर्समध्ये ठेवला, त्याच देवाच्या फोटोशेजारी.

या सगळ्यात वेळ जातो. माझे दोन तास वीस मिनिटं गेली.

दुसऱ्या रविवारी बीएलओ ताई, म्हणजे आमच्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या, आल्या होत्या, दोनच तास. या अंगणवाडी सेविका आहेत, ते काम सांभाळून वर हे. खुर्चीवर बसायच्या आधीच चार जण अंगावर धावून गेले, माझं कार्ड आलं नाही, माझा फोटो दुसऱ्याचाच आहे, तुम्ही घरी का येत नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की येते, तुमच्या विंगला वॉचमन वर सोडत नाही. खरं होतं ते. आमच्याच सोसायटीचा नियम, पार्सलवाल्याला वर सोडायचं नाही, त्यात बीएलओ ताई पण अडकल्या. त्या दिवशी सेक्रेटरींनी वॉचमनला त्यांचा फोटो दाखवून ठेवला, आणि माझ्या मते तीन रविवारांतला हा सगळ्यात मोठा निवडणूक सुधार. बाय द वे भारत निवडणूक आयोगाने मे २०२५ मध्येच जाहीर केलं होतं की बीएलओंना फोटोवालं ओळखपत्र देणार आणि मृत्यूनोंदणीची माहिती थेट मिळवणार म्हणजे नातेवाईकांच्या अर्जाची वाट बघत बसायला नको. ते पूर्ण चालू झालं तर आमच्यासारख्यांना नेटकॅफे गाठायची वेळ येणार नाही.

तारखांचं त्यांनी फार बजावलं आणि आमच्याकडे एकाने तरी ते ऐकलं नाही. आता वर्षातून चार तारखा असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, यातल्या ज्या तारखेला अठरा पूर्ण होतात त्यावर नोंदणी, आणि सतरा पूर्ण झालं की आधीच अर्ज करून ठेवता येतो. पूर्वी फक्त १ जानेवारी होती. इथवर सोपं. गंमत पुढे आहे. लोकसभा-विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची, पालिका-जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, ही दोन वेगळी ऑफिसं आहेत. राज्याचा आयोग स्वतः नोंदणी करत नाही, विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची उचलतो आणि प्रभागाप्रमाणे फोडतो. यावेळी ती तारीख होती १ जुलै २०२५. मतदान जानेवारी २०२६ ला.

नणंदेचा मुलगा कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो, फेब्रुवारीत अठराचा झाला. तिन्ही रविवार त्याला उठवलं. एकदा मॅच होती, एकदा झोप, तिसऱ्या वेळेला आला तो हॉलच्या दारात उभा राहून फोन बघून गेला. ऑगस्टमध्ये मित्रांनी इन्स्टावर काहीतरी टाकलं म्हणून स्वतःच फॉर्म भरला, अर्ज मंजूरही झाला, कार्डही आलं. जानेवारीत सकाळी सात वाजता आंघोळ करून तयार. "मामी, स्टेटस ॲक्सेप्टेड आहे ना, मग नाव कसं नाही?" विधानसभेच्या यादीत आहे रे राजा, प्रभागाच्या यादीत नाही, तू दीड महिना उशीर केलास. त्याचा चेहरा बघवत नव्हता. शिबिरवाल्यांची एक मागणी अशीच होती की ही तारीख मतदानाच्या जवळ आणा, सहा महिने आधीची यादी म्हणजे कॉलेजच्या पोरांवर अन्याय. त्यांनी तसं निवेदनही दिलं. विधानसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी साधारण दहा दिवसांपर्यंत आलेले अर्ज धरतात, मग इथे का नाही, हा प्रश्न मला पण पडला. दुसरी मागणी दर सहा महिन्यांनी प्रत्येक वॉर्डात यादीवाचन. मोठमोठ्या सुधारणांची भाषणं मी टीव्हीवर खूप ऐकलीत, ही दोन वाक्यांची मागणी मला त्यापेक्षा जास्त पटली.

आता एक स्टार का कापला. पहिलं, हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्यांची नावं सगळ्यात जास्त गडबडलेली असतात ती म्हातारी माणसं जिन्याखाली उभी. ८५ च्या वरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत द्यायची सोय आहे हे यांनीच सांगितलं, पण स्वतःचं टेबल मात्र जिन्यावर. तिसऱ्या रविवारी एक टेबल खाली आणलं, ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. दुसरं, भाडेकरू आलेच नाहीत. मागच्या गल्लीत एका खोलीत चार-चार मुलं राहतात, कुणाकडे रजिस्टर्ड करार नाही, घरमालक कागद देत नाही, त्यांना वाटतं आपल्याला जमणारच नाही. खरं तर पत्त्याचा कागद नसेल तरी बीएलओ येऊन खात्री करून नोंद करू शकतात, रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाचीही नोंद होते, बीएलओंनी रात्री जाऊन तो तिथेच झोपतो ना बघायचं असतं. हे सरांना तोंडपाठ होतं, पण हॉलमध्ये बसून सांगून काय उपयोग, ऐकायला आम्ही फ्लॅटवालेच. त्या गल्लीत एक टेबल लावायला पाहिजे होतं. तिसरं, व्हॉट्सॲप ग्रुप. कामाचा एक मेसेज आणि त्यावर चाळीस गुड मॉर्निंग, एक काका तर मतदानाच्या मशीनवरून रोज भांडण काढायचे, सर प्रत्येक वेळी एकच लिहायचे, "यादीवर बोला."

आणि एक अर्धा स्टार मी परत देणार होते, तिसऱ्या रविवारी एक इच्छुक आले होते त्या प्रसंगासाठी. पांढरे कपडे, मागे चार पोरं, एकाच्या हातात मोबाईल शूटिंगला तयार. म्हणाले शिबिराला आमच्याकडून मंडप आणि खुर्च्या. बँकेतल्या मॅडमनी त्यांना बसवलं, त्यांचं नाव विचारलं, यादीत शोधलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या नावाची इथे चौकट आहे आणि वय एकशे चार छापलंय, आठ नंबर भरून घेऊ का?" शूटिंग बंद झालं. त्यांनी मात्र फॉर्म भरला हो, दहा मिनिटं गुपचूप बसून, ओटीपी स्वतः टाकून.

मतदानाच्या दिवशी, १५ जानेवारीला, सासूबाई माझ्याआधी तयार. मुंबई सोडली तर महापालिकांत एका प्रभागातून जास्त जागा असतात, आमच्याकडे चार, म्हणजे चार बटणं. केंद्रावर अधिकाऱ्याने नाव मोठ्याने वाचलं तेव्हा त्यांनी "हजर" म्हणून उत्तर दिलं, शाळेत देतात तसं. आतून बाहेर यायला वेळ लावला, मी घाबरले, तर म्हणाल्या चौथ्या बटणाला आवाज लवकर येईना. त्यांचं नाव जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच लागलं होतं. माझंही आठ नंबरचं झालं, आडनाव बरोबर. सासऱ्यांच्या नावाची चिठ्ठी यावेळी आली नाही. सासूबाईंनी तरी जुनी चिठ्ठी अजून ठेवलीय, कुठे ते तुम्हाला कळलंच असेल.

पुढचं यादीवाचन कधी आहे ते त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगांच्या खाली कुठेतरी आहे, शोधून टाकते. जाणार असाल तर कार्ड, आधार आणि ज्याचा ओटीपी येतो तो फोन चार्ज करून न्या, आधार नसेल तर बाकी कागद घेऊन जा आणि विचारा. गेल्या निवडणुकीची जुनी चिठ्ठी नेऊन उपयोग नाही, नंबर बदललेला असतो. सकाळी दहाच्या आत पोचा, अकरानंतर रांग जिन्यापर्यंत येते. आणि जवळचं वाचायचा चष्मा न्या, चौकटीतली अक्षरं मुंगीएवढी असतात, पान नंबर चौदा सासूबाईंकडे आहे, त्या ते दुसऱ्या कुणाला वाचू देत नाहीत.